डॉ. सॉलोमन फुलर : पदावाचून प्रमुख

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाला कारण ठरणाऱ्या एका प्रमुख आजाराला आज जगभर अल्झायमर या नावाने ओळखले जाते. हा आजार प्रथम वर्णन करणारे डॉ. अलॉईस अल्झायमर सर्वपरिचित आहेत. त्यांच्या म्युनिक येथील प्रयोगशाळेत शिकलेले आणि त्यांचे संशोधन इंग्रजी वाचकांपर्यंत नेणारे डॉ. सॉलोमन कार्टर फुलर यांचे नाव मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिले. अमेरिकेतील पहिले कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ म्हणून ते ओळखले जातात.

फुलर यांचा जन्म 11 ऑगस्ट 1872 रोजी आफ्रिकेतील लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया येथे झाला. त्यांचे आजोबा अमेरिकेतील व्हर्जिनियात गुलाम होते. त्यांनी स्वतःचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि पुढे लायबेरिया गाठले. नातू मात्र 1889 मध्ये शिक्षणासाठी उलट दिशेने समुद्र ओलांडून अमेरिकेत आला. नॉर्थ कॅरोलिनातील लिव्हिंगस्टन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर 1897 मध्ये बोस्टन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो मनोरुग्णालयात त्यांची उमेदवारी सुरू झाली. तेथे मृत रुग्णांच्या मेंदूंची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करताना मनोविकारांचे मूळ शोधण्याचा ध्यास त्यांना लागला.

या ध्यासानेच त्यांना 1904 मध्ये म्युनिकला नेले. प्रा. एमिल क्रेपेलिन यांच्या मनोविकार चिकित्सालयातील प्रयोगशाळेत अल्झायमर यांनी निवडलेल्या मोजक्या परदेशी विद्यार्थ्यांत फुलर होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी वृद्धांच्या मेंदूंतील सूक्ष्म चट्ट्यांचा अभ्यास केला. 1912 मध्ये एका नव्या रुग्णाची नोंद करताना तोवर प्रसिद्ध झालेल्या सर्व रुग्णांचा त्यांनी साकल्याने आढावा घेतला आणि अल्झायमर यांनी केलेले मूळ वर्णनही इंग्रजीत आणले. त्याआधी 1909 मध्ये क्लार्क विद्यापीठात सिग्मंड फ्रॉईड व्याख्यानांसाठी आले, त्या परिषदेलाही ते उपस्थित होते.

त्याच वर्षी प्रख्यात शिल्पकार मेटा वॉक्स वॉरिक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पॅरिसमध्ये शिल्पकला शिकलेल्या मेटांच्या कलेची रोदँ यांनी प्रशंसा केली होती. अशा या दाम्पत्याने फ्रेमिंगहॅम गावी घर बांधायचे ठरवले, तेव्हा काही शेजाऱ्यांनी त्यांच्या वर्णावरून विरोध केला. फुलर दाम्पत्याने घर बांधले आणि आयुष्यभर तेथेच वास्तव्य केले.

बोस्टन विद्यापीठात त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले. पहिल्या महायुद्धानंतर टस्कीगी येथे कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी रुग्णालय उभे राहिले. तेथे जाणाऱ्या तरुण कृष्णवर्णीय डॉक्टरांना मनोविकार व मज्जासंस्थेच्या रोगांचे शिक्षण फुलर यांनीच दिले. सिफिलिसने मेंदूवर होणाऱ्या परिणामांचे अचूक निदान करण्यावर त्यांचा विशेष भर होता. अन्य संस्थांची दारे बंद असलेल्या या डॉक्टरांना फुलर यांच्यामुळे वाट मिळाली.

स्वतः त्यांच्यासाठी मात्र एक दार अखेरपर्यंत उघडले नाही. मज्जाशास्त्र विभागाची धुरा त्यांनी सुमारे पाच वर्षे वाहिली. तथापि प्रमुखपद त्यांना अधिकृतपणे कधीच देण्यात आले नाही. 1933 मध्ये त्यांना डावलून एका गोऱ्या सहायक प्राध्यापकाला बढती देण्यात आली. फुलर यांनी निवृत्ती पत्करली. आपण गोरे असतो तर अधिक वर गेलो असतो, याची त्यांना पुरेपूर जाणीव होती. त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय निवृत्त प्राध्यापक ही उपाधी दिली.

मधुमेहाने दृष्टी गेल्यावरही त्यांनी रुग्णसेवा सोडली नाही. 16 जानेवारी 1953 रोजी त्यांचे निधन झाले. 1974 मध्ये बोस्टनमधील मानसिक आरोग्य केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचा एक पुरस्कारही त्यांच्या नावे दिला जातो. जे प्रमुखपद त्यांना हयातीत नाकारले गेले, त्या पदाची वाट त्यांनी घडविलेल्या पिढीसाठी काहीशी सुकर झाली, हेच त्यांचे खरे स्मारक होय.