सांडपाण्यात बाग पाहणारा माणूस

१९१७ सालची दिवाळी. होळकरांच्या इंदुरात त्या वर्षी निराळीच मिरवणूक निघाली. घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा भलामोठा उंदीर गावातून फिरवले गेले आणि शेवटी राक्षसाला अग्नी देण्यात आला. गावचे झाडूवाले स्वच्छ पोशाखात, गळ्यात हार घालून मानाने चालत होते. जिथली घरे सर्वांत स्वच्छ, त्याच रस्त्यांनी मिरवणूक जाईल, असे आधीच जाहीर झाले होते. मग काय, घरोघरी साफसफाईची चढाओढ लागली!

या सोहळ्याचे सूत्रधार होते पॅट्रिक गेडिस, त्रेसष्ट वर्षांचे स्कॉटिश प्राध्यापक.

गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. ती परतली, पण सूक्ष्मदर्शकाचे काम कायमचे सुटले. मग त्यांनी गावांचा अभ्यास आरंभला. १८८६ मध्ये ॲना मॉर्टनशी लग्न झाल्यावर हे जोडपे एडिंबरोच्या गलिच्छ जुन्या वस्तीत राहायला गेले आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन झाडलोट व रंगसफेदी करू लागले. १९१४ मध्ये गेडिस हिंदुस्थानात आले, तेव्हा त्यांच्या प्रदर्शनाचे सारे नकाशे नेणारे जहाज जर्मनांच्या एम्डेनने बुडवले. त्यांनी प्रदर्शन पुन्हा उभारले.

१९१७ हे वर्ष मात्र क्रूर ठरले. एप्रिलमध्ये थोरला मुलगा युद्धात पडला. जूनमध्ये कलकत्त्यात ॲना गेल्या, दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या आजाराने. त्याच वर्षी हा विधुर माणूस इंदूरची गटारे तपासू लागला. दुःखाला त्याने कामाला जुंपले, असेच म्हणावे लागेल.

१९१८ च्या अहवालात त्यांनी भूमिगत गटारांच्या खर्चिक योजनेला विरोध केला. गावाचा मैला नदीत लोटण्याऐवजी जमिनीला द्यावा, त्यावर बागा आणि मळे फुलवावेत, असा त्यांचा आग्रह होता. बँकेत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हा हिशेब चटकन पटतो. शेतातून घेतलेले नत्र आणि स्फुरद नदीत फेकणे म्हणजे मुद्दलच बुडवणे! मातीतले जिवाणू घाण पचवतात आणि पिकाला अन्न मिळते. १९१४ मध्येच मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून जिवाणूंकडून हेच काम टाकीत झपाट्याने करून घेण्याची पद्धत मांडली. आजची अनेक सांडपाणी केंद्रे त्याच पद्धतीवर चालतात. कच्चा मैला भाजीवर सोडला तर रोगजंतूही ताटात येतात, म्हणून आधी शुद्धीकरण हवेच. पण शुद्ध केलेले पाणी आणि गाळ पुन्हा मातीकडे जावा, हा गेडिसांचा मुद्दा आजही खणखणीत आहे.

१९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, डॉ. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी. १९३२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

२०२१ मध्ये इंदूर केंद्राच्या स्वच्छता सर्वेक्षणात ‘वॉटर प्लस’ दर्जा मिळवणारे देशातले पहिले शहर ठरले. आपल्या नगरपालिकाही आता सांडपाण्याची केंद्रे बांधत आहेत. निधी मिळतो, यंत्रे येतात. पण घरातले पाणी मोरीतून दिसेनासे झाले की आपला त्याच्याशी संबंध संपला, असे गावाला वाटत असेल, तर ती यंत्रे गंजणारच. गेडिसांनी आराखडा हाती घेतला, पण आधी गाव मिरवणुकीला आणले, ते यासाठीच.