रेव्हरंड ना. वा. टिळक

रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१, करजगाव, रत्नागिरी जिल्हा – ९ मे १९१९, मुंबई) हे मराठी कवी, कीर्तनकार, संपादक व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. ख्रिस्ती धर्माला भारतीय रूप देणे आणि राष्ट्राच्या उभारणीत त्याला स्थान मिळवून देणे, हे त्यांच्या कार्याचे मुख्य सूत्र होते.

पूर्वायुष्य

टिळकांचे संस्कृत अध्ययन नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे झाले. १८८० मध्ये त्यांचा विवाह मनकर्णिका गोखले यांच्याशी झाला. त्याच पुढे 'स्मृतिचित्रे'कार लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने टिळकांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले व 'ऋषी' हे मासिक चालविले.

धर्मांतर

धर्माच्या अधिष्ठानावाचून राष्ट्राचा उत्कर्ष होणार नाही आणि जातिभेद हा राष्ट्रैक्यातील मोठा अडसर आहे, अशी त्यांची धारणा झाली होती. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जात असताना रेल्वेत एका ख्रिस्ती सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला व त्याने त्यांना बायबल दिले. त्याच्या अभ्यासानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. या निर्णयामुळे ते आप्तांना दुरावले. पत्नीचाही काही वर्षे वियोग घडला. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या व १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

कार्य

अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करीत असताना १९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा मिळाली. ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे, हा समज त्यांना मान्य नव्हता. अभंग, ओवी, भजन व कीर्तन या वारकरी परंपरेतील माध्यमांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती मांडली. त्याचबरोबर देशभक्तिपर कविताही लिहिल्या. १९१२ पासून अखेरपर्यंत ते 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. बालकवी ठोमरे यांना त्यांच्या घरी आश्रय व प्रोत्साहन मिळाले. 'वनवासी फूल', 'सुशीला' व 'अभंगांजली' या त्यांच्या काव्यरचना होत.

परदेशी मिशनच्या वेतनावर व वर्चस्वावर अवलंबून असलेली मंडळी स्वदेशी होऊ शकत नाही, या विचाराने १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही प्रवेश होता. ही कल्पना मिशनच्या चौकटीत बसणारी नव्हती. दोनच वर्षांत टिळकांचे निधन झाल्याने ती मूळ धरू शकली नाही.

वारसा

त्यांचे अपूर्ण राहिलेले 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले व पुत्र देवदत्त यांनी पूर्ण करून १९३८ मध्ये प्रकाशित केले. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची अनेक गीते समाविष्ट असून ती आजही गायिली जातात.