मोरारजीभाई आणि चौकशीचा प्रश्न

मुंबईत मोरारजी देसाई यांचे नाव निघाले म्हणजे समोरच्याचा चेहरा क्षणभर कठोर होतो. फ्लोरा फौंटन, गोळीबार आणि हुतात्मे यांपलीकडे या शहराच्या स्मरणात त्यांस फारशी जागा उरलेली नाही. आणीबाणीत तुरुंग भोगलेल्या पिढीजवळ हेच नाव काढावे तर एकपक्षीय सत्तेचा पहिला पराभव करणारे ताठ कण्याचे वृद्ध पंतप्रधान डोळ्यांसमोर उभे राहतात. तरुण वाचकांस त्यांच्या स्वमूत्रोपचाराचा विनोद तेवढा ठाऊक असतो. १९७८ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर त्यांनी तो उपचार निःसंकोचपणे सांगितला आणि मग आयुष्यभराच्या कर्तृत्वावर त्या एका गोष्टीने मात केली. या तीन चित्रांतील माणूस एकच होता हे आम्हांस आज सांगावयाचे आहे. महाराष्ट्राने त्यांच्यावर धरलेला राग अनाठायी होता असे मात्र आम्ही म्हणणार नाही.

बलसाडजवळच्या भदेली गावी २९ फेब्रुवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील शाळामास्तर. मोरारजींचे वय पंधरा असताना वडील गेले आणि ठरलेला विवाह तिसऱ्याच दिवशी पार पडला. नेमून दिलेले काम नेमलेल्या वेळी करावयाचे, मनाची अवस्था काहीही असो, ही शिस्त त्यांच्या अंगी कोठून आली याचा शोध घेणाऱ्यास फार दूर जावे लागत नाही. विल्सन कॉलेजातून पदवी घेऊन १९१८ साली ते मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीत शिरले. बारा वर्षे डेप्युटी कलेक्टरी केली. गोध्र्याच्या दंगलीत त्यांनी हिंदूंना झुकते माप दिले असा ठपका वरिष्ठांनी ठेवला. तो त्यांनी मान्य केला नाही. १९३० साली राजीनामा देऊन ते सत्याग्रहात उतरले. नोकरी सुटली, पण कलेक्टर कचेरीची रीत त्यांच्यातून कधीच गेली नाही असे आम्हांस वाटते. फाइल वाचावी, कायदा पाहावा, मनाशी निर्णय करावा आणि मग तो कोणासाठीही बदलू नये, हीच त्यांची राज्य करण्याची कल्पना राहिली.

बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळात १९३७ साली महसूल आणि १९४६ नंतर गृह व महसूल ही खाती त्यांजकडे होती. या काळातील त्यांच्या कामगिरीचा हिशेब महाराष्ट्राने नीट मांडलेला नाही. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा त्यांच्या महसूल खात्याच्या कारकिर्दीतील होत. आणि कसेल त्याची जमीन या तत्त्वावर कूळकायद्यात झालेली १९५६ ची दुरुस्ती ते मुख्यमंत्री असतानाची. कोकणातील आणि देशावरील किती कुटुंबे या कायद्यांनी जमिनीची धनी झाली आणि किती पांढरपेशी घरे जमिनीला मुकली, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांस घरच्याच अनुभवावरून ठाऊक असेल. दारूबंदीचे मात्र वेगळे झाले. १९४९ च्या कायद्यातील काही कलमे सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली रद्द केली. पण मोरारजींच्या निष्ठेस तडा गेला नाही. लोकांनी काय प्यावे हे ठरविण्याचा अधिकार आपणांस आहे, याविषयी त्यांस शंका कधी शिवलीच नाही. त्यांनी घालून दिलेली परवान्यांची पद्धत पुढे दशकानुदशके टिकली आणि लोक परवान्यावाचून पीतही राहिले.

१९५२ च्या निवडणुकीत ते आपल्याच भागात अवघ्या १९ मतांनी पडले. तरीही मुख्यमंत्री तेच झाले. मागाहून पोटनिवडणुकीने सभागृहात आले. घटनेच्या दृष्टीने यात काही गैर नव्हते. परंतु मतदारांनी नाकारलेल्या गृहस्थास राज्याचे प्रमुखपद द्यावे आणि त्या गृहस्थानेही ते निःशंक मनाने स्वीकारावे, यात पुढच्या चार वर्षांची खूण होती.

ती चार वर्षे मुंबईला विसरता येणार नाहीत. राज्य पुनर्रचनेचा प्रश्न निघाला. महाराष्ट्रास मुंबई हवी होती आणि दिल्लीस ती द्यावयाची नव्हती. २० नोव्हेंबर १९५५ रोजी चौपाटीवर मोरारजी आणि स. का. पाटील यांची सभा झाली. मुंबई महाराष्ट्रास मिळणार नाही, हे तेथे इतक्या उर्मटपणाने सांगितले गेले की सभा उधळली. दुसऱ्या दिवशी संप झाला, विधानसभेकडे मोर्चा निघाला आणि फ्लोरा फौंटनपाशी गोळीबार होऊन पंधरा माणसे मेली. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून जाहीर करताच शहर पेटले. आठवडाभर गिरणगावात आणि गिरगावात गोळ्या चालत होत्या. दगडफेक झाली, लुटालूट झाली, जाळपोळ झाली, हे नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु मृतांत रस्त्यावरचे दंगेखोर होते तसे आपल्या वाटेने जाणारे आणि घराच्या आसपास उभे असलेलेही होते. १०५ हुतात्मे हा आकडा पुढे महाराष्ट्राच्या तोंडी बसला; स्मारकावरची नावे त्याहून थोडी अधिक आहेत.

शांतता राखणे हे सरकारचे काम आहे आणि ते कायद्याने केले, ही मोरारजींची भूमिका होती. तिच्यावरून ते हटले नाहीत. आमचा आक्षेप त्या भूमिकेपेक्षा तिच्या पुढच्या पायरीला आहे. कायद्याने केले असेल तर चौकशीचे भय कशाचे? चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना लोकसभेत हाच प्रश्न विचारला आणि गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी केली. ती झाली नाही. मुंबई सरकारला तिची गरज वाटली नाही आणि दिल्लीने मुंबई सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवला. किती गोळ्या, कोणाच्या हुकमाने, कोणत्या क्षणी झाडल्या, हे शपथेवर कोणी सांगितले नाही. चौकशी झाली असती तर कदाचित मोरारजींच्या बाजूनेही काही निघाले असते. आपल्या मनाचा कौल हाच निकाल, असे ते मानीत असावेत. आणि ज्यास निकाल आधीच ठाऊक आहे त्यास साक्षीदार कशाला हवेत?

ते मराठी माणसाचे वैरी होते म्हणून असे वागले, हा समज महाराष्ट्रात दृढ आहे. तो अपुरा आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत महागुजरातच्या मागणीसाठी विद्यार्थी रस्त्यावर आले, तेथेही गोळीबार होऊन मुले मेली, आणि मोरारजींनी आपल्या गुजराती बांधवांचेही ऐकले नाही. द्विभाषिकच योग्य असे सांगत ते अहमदाबादेत उपोषणास बसले. लोकांनी त्यांच्या सभेच्या दिवशी जनता कर्फ्यू पाळून घराची दारे लावून घेतली. मराठी आणि गुजराती या दोन्ही समाजांस एकाच वर्षी आपल्याविरुद्ध एक करणारा हा बहुधा एकमेव मुख्यमंत्री असेल.

द्विभाषिकाचे नेतेपद एकमताने मिळाले तरच घेऊ असे त्यांनी ठरविले. एकमत होईना, तेव्हा ते बाजूस झाले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मोरारजी दिल्लीस गेले. प्रथम व्यापार व उद्योग आणि १९५८ पासून अर्थ. एकंदर दहा अंदाजपत्रके त्यांनी मांडली. एवढी त्यांच्याआधी कोणी मांडली नव्हती. त्यांतील दोन, १९६० आणि १९६८ ची, त्यांच्या चार वर्षांनी येणाऱ्या वाढदिवशी आली. जानेवारी १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविणे बंद झाले आणि देशभर सोनारांच्या शेगड्या विझल्या. काहींनी जीव दिला. सोन्याचा चोरटा व्यापार थांबावा हा हेतू वाईट नव्हता. पण लग्नाचे मंगळसूत्र चौदा कॅरटचे करावे असे सांगणाऱ्या अर्थमंत्र्याने हिंदुस्थानातील एक तरी लग्नघर पाहिले होते काय, असा प्रश्न पडतो. चौदा कॅरटची अट तीन वर्षांतच ढिली करावी लागली. नियंत्रण मात्र १९९० पर्यंत राहिले.

पंतप्रधानपद त्यांच्या हातून दोनदा निसटले. कामराज योजनेने १९६३ मध्ये मंत्रिपद गेले. १९६४ मध्ये शास्त्रीजींसाठी माघार घ्यावी लागली. जानेवारी १९६६ मध्ये मात्र त्यांनी माघार नाकारली आणि इंदिरा गांधींस ३५५ व त्यांस १६९ मते पडली. १९६७ मध्ये तडजोडीने उपपंतप्रधान झाले. १६ जुलै १९६९ रोजी इंदिराबाईंनी त्यांचे अर्थखाते काढून घेतले, तीन दिवसांनी चौदा बँका सरकारच्या झाल्या. खात्याविना उपपंतप्रधान म्हणून राहणे त्यांस शक्य होते. ते राहिले नाहीत. तो मानीपणा आम्हांस आवडतो.

इतरांचे राजकारण ज्या वयात संपते तेथे यांचे सुरू झाले. गुजरातची विधानसभा विसर्जित व्हावी म्हणून १९७४ मध्ये आणि तेथे निवडणूक व्हावी म्हणून एप्रिल १९७५ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी उपोषण केले. दिल्ली नमली. जूनमध्ये निवडणूक झाली आणि इंदिरा काँग्रेसचे बहुमत गेले. २६ जूनच्या पहाटे त्यांस पकडण्यात आले. हरियाणातील स्थानबद्धतेत ते १८ जानेवारी १९७७ पर्यंत होते. ऐंशीवा वाढदिवस, पुन्हा एक २९ फेब्रुवारी, तेथेच गेला. सुटकेसाठी त्यांनी कोणताही करार केला नाही, आरोग्याचे निमित्तही पुढे केले नाही. ज्या ताठरपणाने १९५५ साली मुंबईकरांचे म्हणणे ऐकू दिले नाही, तोच ताठरपणा येथे देशाच्या कामी आला. तो त्यांच्यात कमीही झाला नव्हता, वाढलाही नव्हता. पूर्वी तो लोकांच्या विरुद्ध होता, आता लोकांच्या बाजूस पडला, एवढाच फरक.

२४ मार्च १९७७ रोजी एक्याऐंशी वर्षांचे मोरारजी पंतप्रधान झाले तेव्हा महाराष्ट्रात एक विलक्षण दृश्य दिसले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या नावाने शिमगा करणारे समाजवादी आता त्यांचेच सहकारी होते. मधू दंडवते त्यांच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री, नानासाहेब गोरे त्यांच्या सरकारचे लंडनमधील उच्चायुक्त, एस. एम. जोशी त्याच जनता पक्षात. या मंडळींनी जुने वैर गिळले ते स्वातंत्र्यासाठी, आणि त्याचे फळ मिळाले. घटनेच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीसाठी अंतर्गत अशांतता हे सैल कारण जाऊन सशस्त्र उठाव हे कारण आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक झाला. आणि जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे ठरले. आम्ही पूर्वी शाळेत नागरिकशास्त्र शिकवीत असता हा भाग फळ्यावर लिहीत असू. एकदा गिरगावातल्या एका मुलाने विचारले की, हे मोरारजी आणि आमच्या आजोबांचे मोरारजी एकच का? होय म्हणालो. मग त्याने विचारले, त्या वेळची चौकशी झाली का? नाही, म्हणावे लागले.

कारण त्याच सरकारने आणीबाणीतील अत्याचारांच्या चौकशीसाठी मे १९७७ मध्ये न्यायमूर्ती शहा यांचे मंडळ नेमले होते, आणि ते योग्यच केले होते. पण वर्षभरात चौकशीची मागणी पंतप्रधानांच्याच दारी आली. चिरंजीव कांतिभाई यांच्या व्यवहारांवर १९६८ पासून संसदेत आरोप होत आले होते. आता गृहमंत्री चरणसिंगांनीच चौकशी मंडळाचा आग्रह धरला. चरणसिंगांचा हेतू निर्मळ होता असे कोणी म्हणणार नाही आणि आरोपांचा खरेखोटेपणा ठरविणे हे आमचे काम नव्हे. मोरारजींनी मंडळ नेमण्याचे नाकारले. आपण निर्दोष आहोत हे आपणांस ठाऊक आहे, मग आणखी काय हवे, हा त्यांचा जुनाच न्याय होता. इतरांस चौकशी आणि आपणांस सदसद्विवेकबुद्धी, असा हा दुहेरी कायदा जनता पक्षाच्या घरभेद्यांस फार उपयोगी पडला.

जुलै १९७९ मध्ये लोकसभेत अविश्वासाचा ठराव आला. तो मांडणारे विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण होते, म्हणजे मुंबईत १९५६ साली मोरारजींनी सोडलेल्या खुर्चीवर बसलेले गृहस्थ. स्वपक्षीयांची रांग पलीकडे जाताना पाहून मोरारजींनी १५ जुलै रोजी मतदानापूर्वीच राजीनामा दिला.

चौकशी अखेर त्यांनी स्वतः मागितली, ती परक्या देशात. सेमूर हर्श या अमेरिकन पत्रकाराने १९८३ साली आपल्या पुस्तकात त्यांस अमेरिकन हेरखात्याचा खबऱ्या ठरविले. मोरारजींनी शिकागोच्या न्यायालयात बदनामीचा दावा लावला. तो चालेपर्यंत वय इतके झाले होते की साक्षीसाठी जाणे शक्य नव्हते. किसिंजर यांनी साक्ष देऊन आपल्या माहितीप्रमाणे आरोप निराधार असल्याचे सांगितले. पण लेखकाने जाणूनबुजून खोटे लिहिले किंवा सत्याची बेपर्वाई केली हे अमेरिकन कायद्यानुसार वादीस सिद्ध करावे लागते. ते झाले नाही आणि १९८९ मध्ये दावा हरला. आरोप खरा ठरला असा त्याचा अर्थ नव्हे. त्यांच्यावरील हा आरोप आम्ही कधी क्षणभरही खरा मानला नाही. गोळीबारासंबंधी ज्यांस क्षमा करता येत नाही त्यांनीही तो मानू नये.

१९९० साली पाकिस्तानने त्यांस निशान-इ-पाकिस्तान दिला, १९९१ साली भारतरत्न मिळाले. पहिल्यावर ओरड झाली, दुसऱ्यावर महाराष्ट्रात कुजबुज. शेवटची वर्षे त्यांनी मुंबईतच काढली, महाराष्ट्राच्या राजधानीत. फौंटनपाशी हुतात्म्यांचे स्मारक केव्हाच उभे राहिले होते. १० एप्रिल १९९५ रोजी, वयाच्या शंभराव्या वर्षी, ते याच शहरात गेले. त्यांची समाधी अहमदाबादेस साबरमतीच्या काठी आहे आणि त्या जागेस अभयघाट म्हणतात.