बोरीबंदरचे नाना

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर तुम्ही कधी उतरला आहात का? उतरला असाल, तर गर्दीबरोबर घाईघाईने बाहेर पडला असाल. या भागाचे जुने नाव बोरीबंदर. येथून पहिली आगगाडी सुटावी म्हणून ज्यांनी खटपट केली, त्यांत जगन्नाथ शंकरशेट हे एक प्रमुख होते. लोक त्यांना आदराने नाना म्हणत.

नानांचा जन्म १८०३ साली ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. त्यांचे वडील मोठे व्यापारी होते. १८२२ साली ते वारले आणि पेढीचा सारा कारभार तरुण नानांच्या अंगावर पडला. नानांनी तो नीट सांभाळला. शाळांसाठी त्यांनी सढळ हाताने पैसा दिला.

१८४० साली सरकारने शिक्षण मंडळ नेमले. त्यात नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा असे तीन भारतीय सभासद होते. पुढे मंडळाचे अध्यक्ष झालेले अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरीत. मुलांना त्यांच्या स्वतःच्या भाषेत शिकवावे, असे या तिघांचे मत होते. तुम्ही उर्दूतून शिकता, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आता आगगाडीकडे वळू. त्या काळी घाटावरचा कापूस बैलांवर लादून किंवा बैलगाड्यांतून मुंबईला येई. वाटेत बरेच दिवस जात. पाऊस आला की गाड्या चिखलात रुतत आणि माल भिजे. यावर लोहमार्ग हा उपाय होता. १८४५ साली नाना आणि जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी पुढाकार घेतला. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी निघाली, तेव्हा तिच्या संचालकांत हे दोघे होते. विचार करा, मुंबईत तेव्हा आगगाडी धावलेलीच नव्हती! न पाहिलेल्या गोष्टीसाठी आपले नाव पणाला लावणे सोपे नसते.

अखेर १६ एप्रिल १८५३ हा दिवस उजाडला. दुपारी साडेतीनच्या सुमारास २१ तोफांची सलामी झाली आणि १४ डब्यांची गाडी बोरीबंदरहून ठाण्याकडे निघाली. तिला तीन इंजिने जोडली होती. सुमारे ४०० पाहुणे आत बसले होते. त्यांत नानाही होते. ३४ किलोमीटरचे अंतर गाडीने सुमारे सव्वा तासात कापले.

१८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग सुरू झाला. तो घाट फोडताना हजारो मजुरांचे प्राण गेले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. ३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले.

आज आपण पाहतो ती भव्य इमारत नानांनी पाहिली नाही. तिचे काम १८७८ साली सुरू झाले आणि दहा वर्षे चालले. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा होता. नक्षीकामात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचाही हात होता. या स्थानकाला आधी राणी व्हिक्टोरियाचे नाव होते. १९९६ साली ते बदलून छत्रपती शिवाजी टर्मिनस झाले आणि २०१७ साली त्यात महाराज हा शब्द आला. २००४ साली युनेस्कोने या वास्तूला जागतिक वारशाचा मान दिला.

या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेले काही चेहरे आहेत. त्यांत जमशेटजी आहेत आणि नानाही आहेत. पुढच्या वेळी गाडीला थोडा वेळ असेल, तर बाहेर या, समोर उभे राहा आणि मान वर करून त्यांना शोधा.