सशांपुढे पाश्चर हरला

दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड असं वाचतो, पिशवी फोडतो आणि चहा टाकतो. तो शब्द ज्याच्या नावावरून आला, तो लुई पाश्चर ना डॉक्टर, ना गुरांचा डॉक्टर. 1822 साली फ्रान्समधल्या दोल गावात कातडी कमावणाऱ्याच्या घरी जन्मलेला हा केमिस्ट. 45व्या वर्षी पक्षाघाताने डावं अंग लुळं पडलं. गंमत बघा, त्याच्या गाजलेल्या लसी त्यानंतरच्या!

सुरुवात कोंबड्यांपासून झाली. कॉलऱ्याचे शिळे जंतू टोचलेल्या कोंबड्या मरत नव्हत्या, वर ताज्या जंतूंनाही दाद देत नव्हत्या. हाच धागा धरून 1881 मध्ये त्याने मेंढ्यांना काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची लस जाहीरपणे टोचून दाखवली. पुढे 1885 मध्ये रेबीजची लस. हे आपण शाळेत शिकतो.

सशांचं प्रकरण मात्र फारसं कुणी सांगत नाही. 1859 मध्ये एका इंग्रज जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियात ससे सोडले. बघता बघता त्यांची फौज झाली. मेंढ्यांचा चारा गेला, बिल्बीसारख्या तिथल्या मूळच्या प्राण्यांच्या तोंडचा घासही गेला. 1887 मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने सशांवर उपाय शोधणाऱ्याला 25,000 पौंडांचं बक्षीस लावलं. पाश्चरने कोंबड्यांचा तोच कॉलरा सुचवला. फ्रान्समध्ये एका कुंपणबंद रानात चाऱ्यावर जंतू शिंपडले, तर ससे पटापट मेले. 1888 मध्ये त्याच्या बायकोचा भाचा आद्रियाँ ल्वार सिडनीला पोहोचला.

तिथे रॉड बेटावर सरकारी आयोगाने चाचण्या घेतल्या. जंतू खाल्लेला ससा मरे, पण शेजारच्या सशाला रोग फारसा लागत नसे. पक्ष्यांना मात्र तो घातकच. उद्या तो रानपाखरांत शिरला तर आवरणार कोण? 1889 मध्ये आयोगाने नकार दिला. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. माझ्या मते आयोगाचंच बरोबर होतं. आयुष्यभर जनावरांना रोगापासून वाचवणारा माणूस इथे एक रोग मोकळा सोडायला निघाला होता.

ल्वारची खेप अगदीच वाया गेली नाही. त्याच बेटावर पुढे काळपुळीची लस बनली आणि ऑस्ट्रेलियातल्या मेंढ्यांना टोचली जाऊ लागली.

पाश्चर 1895 मध्ये गेला. आपल्याकडे पावसाळ्याआधी गाई-म्हशींना घटसर्पाची लस देतात ना, त्या घटसर्पाचा जंतू कोंबड्यांच्या कॉलऱ्याच्याच जातीचा. त्याचं नाव पाश्चुरेला.