पुन्हा त्याच झाडापाशी

एखादे ठिकाण ‘पाहून झाले’ असे आपण सहज म्हणून जातो. पाहणे ही एकदाच उरकून टाकण्याची बाब आहे, असा समज त्यामागे असतो. पॅरिसचा छायाचित्रकार युजीन आत्जे याचे आयुष्य हा समज खोटा ठरविते.

१८५७ साली फ्रान्समधील लिबूर्न येथे जन्मलेला आत्जे लहानपणीच पोरका झाला. काही काळ खलाशी आणि पुढे फिरत्या नाटकमंडळ्यांतील दुय्यम नट, अशी त्याची उमेदीची वर्षे गेली. छायाचित्रणाकडे तो वळला तेव्हा तिशी उलटली होती. झाडे, दारे, जिने यांची छायाचित्रे चित्रकारांना नमुन्यादाखल विकणे हा त्याचा व्यवसाय. कालांतराने जुन्या पॅरिसची त्याची छायाचित्रे ग्रंथालये व संग्रहालयेही घेऊ लागली. जड कॅमेरा आणि काचेच्या निगेटिव्हांचे ओझे वाहत तो अनेकदा भल्या सकाळीच कामाला लागे.

१९२० साली त्याने आपल्या २,६२१ निगेटिव्ह १०,००० फ्रँकना फ्रेंच सरकारला विकल्या. एका काचेला चार फ्रँकही पडले नाहीत. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या व्यवहाराला तोट्याचा म्हणेल. परंतु या रकमेने त्याला गिऱ्हाइकांच्या मागणीपासून बरीच मोकळीक मिळवून दिली, आणि त्या मोकळिकीचा त्याने केलेला उपयोग ध्यानात घेण्याजोगा आहे. साठी ओलांडलेला हा गृहस्थ नव्या प्रदेशांच्या शोधात निघाला नाही. पूर्वी कितीदा तरी टिपलेल्या सँ-क्लू येथील उद्यानात तो पुनःपुन्हा जाऊ लागला. १९२५ च्या मार्च ते जून या काळात पॅरिसच्या दक्षिणेकडील सो येथील ओसाड उद्यानात त्याने साठांहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांपैकी काहींवर सकाळची वेळही नोंदविली. तळी तीच, पुतळे तेच. परंतु मार्चमधील उघड्या फांद्या जूनपर्यंत पानांनी भरून गेल्या होत्या. पुढे त्या उद्यानाचा जीर्णोद्धार झाला आणि ते ओसाड रूप केवळ या काचांवर उरले.

संयम म्हणजे स्वस्थ बसून वाट पाहणे नव्हे. ओळखीच्या गोष्टीत आज काय निराळे आहे, हे शोधण्याचे ते कष्ट आहेत. दरवर्षी तोच धडा शिकविणाऱ्या शिक्षकाला हे निराळे सांगावयास नको. मात्र अशा संयमाला थोडी निश्चिंती लागते. दर महिन्याला नवे काहीतरी करून दाखविण्याची सक्ती ज्याच्यावर असते, त्याला एकाच झाडापाशी चार महिने परतणे परवडत नाही. त्याची ती निश्चिंती ग्रंथालये, संग्रहालये आणि शासन यांच्या खरेदीतून आली होती, हे विसरता कामा नये.

ऑगस्ट १९२७ मध्ये आत्जे निवर्तला, तेव्हा त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. बेरनिस अ‍ॅबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीने त्याच्याकडे उरलेला संग्रह खरेदी करून चाळीस वर्षे जपला. १९६८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने तो विकत घेतला. सो येथील त्या सकाळी आज तेथे पाहावयास मिळतात.