बेला शिक : घटसर्पाचा धोका कोणाला, हे हातावर दाखवणारे डॉक्टर

तुमच्या रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' लिहिलेले दिसले की छातीत धस्स होते ना? आता अशी एक तपासणी डोळ्यांसमोर आणा, जिच्यात हातावर लाल चट्टा उठणे म्हणजे शरीरात अँटिबॉडी पुरेशा नाहीत आणि काहीच न उठणे म्हणजे मूल सुरक्षित. ही शिक टेस्ट. घटसर्प, म्हणजेच डिप्थेरिया, या आजारासाठी ती डॉ. बेला शिक यांनी शोधली. (नाव बेला असले तरी हे गृहस्थ होते. हंगेरीत हे पुरुषाचे नाव आहे.)

शिक यांचा जन्म १८७७ साली हंगेरीत, बालाटन सरोवराकाठच्या बोगलार गावी झाला. वडील धान्याचे व्यापारी. मुलाने आपला धंदा सांभाळावा अशी त्यांची इच्छा होती, पण मुलगा ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात वैद्यकीय शिक्षण घेऊन १९०० साली डॉक्टर झाला आणि पुढे व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात रुजू झाला.

त्या काळी घटसर्पाने किती घरे उजाड केली, याची कल्पना आज तुम्हाला येणार नाही. खोकल्या-शिंकेतून पसरणारा हा जिवाणू घशात करडा, चिवट पापुद्रा तयार करतो. त्याने श्वास कोंडतो. त्याहून घातक असते जिवाणूने सोडलेले विष. ते रक्तातून हृदयापर्यंत आणि नसांपर्यंत पोहोचते. यावर घोड्याच्या रक्तापासून बनवलेले प्रतिविष, म्हणजे सीरम, निघाले होते आणि त्याने मुले वाचत होती. पण काहींना इंजेक्शननंतर आठ-दहा दिवसांनी ताप, अंगभर पित्त, सांधेदुखी असा वेगळाच त्रास सुरू होई. शिक आणि त्यांचे सहकारी क्लेमेन्स फोन पिर्के यांनी या त्रासाचा बारकाईने अभ्यास केला आणि १९०५ साली 'सीरम सिकनेस'वर पुस्तक लिहिले. औषधच त्रास देऊ शकते, हे शिक यांनी असे जवळून पाहिले होते.

म्हणूनच पुढचा प्रश्न त्यांना टोचत राहिला असावा. वॉर्डात एका मुलाला घटसर्प झाला, तर शेजारच्या सगळ्या मुलांना घोड्याचे सीरम द्यायचे का? ज्यांच्या रक्तात आधीच पुरेशी अँटिबॉडी आहे, त्यांना हा त्रास कशाला?

१९१३ साली त्यांनी उत्तर प्रसिद्ध केले. घटसर्पाच्या विषाचा अतिशय सूक्ष्म अंश, गिनीपिगला मारक ठरणाऱ्या मात्रेचा साधारण पन्नासावा भाग, हाताच्या त्वचेत टोचायचा. रक्तात अँटिबॉडी असेल तर ती विष निकामी करते आणि त्वचा जशीच्या तशी राहते. नसेल तर एक-दोन दिवसांत तिथे लाली येते. पुढे दुसऱ्या हातावर तापवून निकामी केलेले विषही टोचू लागले. दोन्हीकडे सारखीच लाली आली, तर ती केवळ त्वचेची संवेदनशीलता समजायची.

एका मुलासाठी शोधलेली ही युक्ती लवकरच अख्ख्या शहराची तपासणी झाली. न्यूयॉर्कच्या आरोग्य विभागात विल्यम पार्क आणि अब्राहम झिंगर यांनी हजारो शाळकरी मुलांच्या हातावर ती केली. जे दिसले ते आजही विचार करायला लावते. नवजात बाळे बहुतेक सुरक्षित असत, कारण आईची अँटिबॉडी त्यांच्याकडे आलेली असे. काही महिन्यांत ती ओसरे, आणि पुढची चार-पाच वर्षे सर्वांत धोक्याची. मोठी माणसे बहुधा पुन्हा सुरक्षित. आणखी नवल म्हणजे, दाटीवाटीच्या गरीब वस्तीतल्या मुलांपेक्षा सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या हातावर लाली जास्त उठे! गर्दीत जिवाणू गुपचूप फिरत होता. अनेक मुले आजारी न पडताच त्याला भेटून अँटिबॉडी बनवून बसली होती. किती जण आजारी पडले, एवढेच मोजले असते तर हे कधीच कळले नसते.

ज्यांच्या हातावर लाली उठली त्यांना लस द्यायची, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचे आणि गरज असेल तर परत लस द्यायची, असा क्रम ठरला. शिक स्वतः १९२३ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयात बालरोग विभागाचे प्रमुख म्हणून आले. १९६७ साली, नव्वदाव्या वर्षी, त्याच शहरात ते वारले.

शिक टेस्ट आता होत नाही. लोकसंख्येतली प्रतिकारशक्ती पाहायची तर रक्ताचे नमुने घेऊन अँटिबॉडी मोजतात. मिलिलिटरमागे ०.१ आंतरराष्ट्रीय एकक किंवा जास्त म्हणजे चांगले संरक्षण, ०.०१ पेक्षा कमी म्हणजे धोका. अशा तपासण्यांतून कळले की लसीचे संरक्षणही वयानुसार ओसरते. आपल्याकडे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या पेंटाव्हॅलंट लसीनंतर दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी ठेवले आहे ते यासाठीच. दहाव्या-सोळाव्या वर्षाचा डोस पालक हमखास विसरतात. कार्ड काढून एकदा बघाच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मुलाचा घसा दुखतोय, ताप आहे, घशात करडा पापुद्रा दिसतोय किंवा मान सुजली आहे, तर अँटिबॉडीची तपासणी करत बसू नका. तिथे घशाचा स्वॅब घेतात आणि संशय दाट असेल तर रिपोर्टची वाट न पाहता प्रतिविष सुरू करतात. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.